पावसाचे ठिपके आणि वॉकरची रेषा

इसवी सन १८७६ च्या पावसाळ्याने दख्खनच्या पठाराला दगा दिला. मुंबई इलाख्याचे पूर्वेकडील जिल्हे, हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने आणि मद्रास इलाखा अशा विस्तीर्ण प्रदेशात उभी पिके वाळून गेली. पुढील दोन वर्षांत लाखो माणसे उपासमारीने आणि मागोमाग आलेल्या रोगराईने मेली. पुण्याची सार्वजनिक सभा त्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाच्या हकिगती मिळवून सरकारपुढे ठेवीत होती. सरकारच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख विल्यम विल्सन हंटर यांनी १८७७ साली एक वेगळाच तपशील मांडला. मद्रास शहराच्या सुमारे साठ वर्षांच्या पावसाच्या नोंदी त्यांनी सूर्यावरील डागांच्या नोंदींशेजारी ठेवल्या. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढतात आणि घटतात. पाऊसही त्याच फेऱ्याने वाढतो आणि घटतो, आणि डाग कमी असलेल्या वर्षांभोवतीच दुष्काळ दाटतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या प्रतिपादनात केवळ विद्वानांचे कुतूहल नव्हते. दुष्काळाचे वर्ष आधी कळले तर धान्याची कोठारे भरता येतील, सारा तहकूब करता येईल, रोजगाराची कामे वेळेवर काढता येतील. पण त्याच विचाराची दुसरी बाजूही होती. दुष्काळाचे खापर सूर्यावरील डागांवर फुटले, की त्याच वर्षांत बंदरांतून बाहेर जात राहिलेल्या धान्याचा हिशेब मागण्याची निकड कमी होते. तेव्हा दोन गोष्टी खरोखरच बरोबरीने हलतात काय, आणि हलत असल्यास किती, हा प्रश्न लाखोंच्या पोटाशी निगडित होता. हंटर यांच्यापाशी मात्र तो मोजण्याचे साधन नव्हते. अकरा वर्षांच्या फेऱ्यातील वर्षांचे त्यांनी गट पाडले, त्यांच्या सरासऱ्या काढल्या आणि त्या शेजारी शेजारी मांडल्या. सरासऱ्यांत चढउतार दिसला; तो खरा की योगायोगाचा, हे ठरविण्याची कसोटी अजून जन्माला यायची होती.

आज आपल्या शाळेतील मुलेही ती कसोटी गणिताच्या वहीत उतरवून घेतात. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर एक राशी, उभ्या अक्षावर दुसरी, आणि प्रत्येक वर्षासाठी एक ठिपका. याला इंग्रजीत स्कॅटर प्लॉट म्हणतात. विखुरलेल्या ठिपक्यांचा आलेख असे त्याचे सरळ मराठी. ठिपके डावीकडून उजवीकडे वर चढत गेले तर दोन्ही राशी बरोबर वाढतात, खाली उतरत गेले तर एक वाढताना दुसरी घटते, आणि कणीदार रांगोळी सांडावी तसे ते चहूकडे पसरले असतील तर त्यांत सरळ रेषेचा म्हणावा असा संबंध नाही. आपली शाळा सुरू झाली त्या वर्षापासून कोणी गावच्या पावसाची आणि सूर्यावरील डागांची नोंद ठेवली असती, तर आज त्या आलेखावर जेमतेम साठ ठिपके पडले असते. माणसाच्या हिशेबाने साठ वर्षे म्हणजे हीरक महोत्सव. ठिपक्यांच्या हिशेबाने मात्र ती फार नव्हेत, हे पुढील कथेत वारंवार दिसून येईल.

या आलेखाची वंशावळ शोधू गेले तर ती पावसाकडे जात नाही, ताऱ्यांकडे जाते. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात जोडताऱ्यांच्या भ्रमणकक्षा शोधण्याची एक युक्ती सांगितली. कन्या राशीतील एका जोडताऱ्याची अनेक निरीक्षकांनी अनेक वर्षे केलेली मापे त्यांच्यापुढे होती. ती एकमेकांशी जुळत नव्हती आणि काही तर उघडच चुकीची होती. हर्शेल यांनी आडव्या अक्षावर वर्षे घेतली, उभ्या अक्षावर दोन ताऱ्यांमधील दिशेचा कोन घेतला, ठिपके मांडले आणि त्यांच्या मधून हाताने एक सफाईदार वक्ररेषा काढली. पुढचे सारे गणित त्यांनी ठिपक्यांवरून न करता त्या रेषेवरून केले. एकेका निरीक्षणापेक्षा सर्व निरीक्षणांमधून जाणारी रेषा अधिक विश्वासार्ह, हा त्यामागील विचार होता आणि तो त्या काळी धाडसाचा होता. ठिपक्यांच्या आलेखाचा आरंभ अनेक इतिहासकार या निबंधापासून धरतात.

हाताने काढलेल्या रेषेत एक अडचण असते. दहा जणांनी काढल्या तर दहा रेषा निघतात. तिच्यावरचा उपाय हर्शेल यांच्या आधीच निघालेला होता. फ्रेंच गणिती लेजांद्र यांनी १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षांवरील ग्रंथात लघुतम वर्ग पद्धत प्रसिद्ध केली. १८०९ मध्ये जर्मन गणिती गाउस यांनी ती मांडताना आपण १७९५ पासूनच ती वापरीत असल्याचे सांगितले आणि दोघांत जो वाद पेटला तो शेवटपर्यंत शमला नाही. पद्धत मात्र सोपी आहे. रेषेपासून प्रत्येक ठिपका उभ्या दिशेने किती दूर आहे ते मोजावे, त्या प्रत्येक अंतराचा वर्ग करावा आणि सर्व वर्गांची बेरीज ज्या रेषेसाठी सर्वांत कमी येईल ती रेषा निवडावी. वर्ग केल्यामुळे रेषेच्या वरची आणि खालची अंतरे एकमेकांना खाऊन टाकीत नाहीत. पण त्यामुळेच फार दूर पडलेला एखादा ठिपका रेषेला आपल्याकडे खेचतो. कुटुंबातील एका हट्टी माणसासाठी सगळ्यांचा बेत बदलावा, तसे काहीसे.

दोन राशींतील संबंध किती घट्ट आहे, हे एका आकड्यात सांगण्याची कल्पना इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांना सुचली. त्यांनी १८७५ साली गोड वाटाण्याच्या बिया आकारानुसार निवडून मित्रांकडे लावण्यास दिल्या. पुढे माणसांच्या उंचीची मापे मिळविली. १८८६ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात २०५ दांपत्यांच्या ९२८ प्रौढ अपत्यांची उंची आहे. स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून त्यांनी ती पुरुषांच्या मापावर आणली होती. आईबापांची सरासरी उंची सर्वसाधारण उंचीपेक्षा तीन इंचांनी अधिक असेल, तर मुलांची सरासरी दोनच इंचांनी अधिक भरे. हे सरासरीकडे माघारी वळणे त्यांनी रिग्रेशन या शब्दाने सांगितले. वास्तविक हे नाव उंचीच्या एका विशिष्ट निष्कर्षाचे. पण पुढे ठिपक्यांतून जाणाऱ्या प्रत्येक रेषेला तेच चिकटले. १८८८ मध्ये गॉल्टन यांनी सहसंबंधाचे माप मांडले आणि कार्ल पिअर्सन यांनी १८९६ साली त्याला आज आपण वापरतो ते सूत्र दिले. हा सहसंबंध गुणांक उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान असतो. शून्य म्हणजे सरळ रेषेचा संबंध नाही. एक म्हणजे सर्व ठिपके एकाच रेषेवर.

गॉल्टन आणि पिअर्सन या दोघांनाही मनुष्यजातीची निपज सुधारण्याच्या कल्पनेने झपाटले होते, आणि त्या कल्पनेने पुढे जगात जे अनर्थ घडविले ते सर्वांना ठाऊक आहेत. साधन त्यांच्या हातून घडले, पण त्याचा अधिक कस लावणारा उपयोग हिंदुस्थानातील पावसाच्या बाबतीत झाला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुष्काळाच्या आगेमागे, १८७५ मध्ये, हिंदुस्थान सरकारचे हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयावर बर्फ जास्त पडले तर पुढचा पाऊस ओढ धरतो, असे त्यांनी नोंदींवरून ताडले आणि त्या आधारावर १८८६ पासून मोसमी पावसाचा अंदाज नियमाने निघू लागला. त्यांच्यामागून आलेल्या जॉन इलियट यांनी बर्फाच्या जोडीला इतर अनेक लक्षणे घेतली. पण ही लक्षणे एकत्र तोलण्याचा तराजू त्यांच्यापाशी नव्हता. तोलणारा त्यांचा स्वतःचा अनुभवी डोळाच होता. १८९९ चा पाऊस कोसळण्याऐवजी कोरडा गेला. राजस्थान-गुजरातेत ज्याला संवत् १९५६ वरून छप्पनिया म्हणतात तो भीषण दुष्काळ पडला आणि इलियट यांच्या अंदाजाने तो हेरला नव्हता. टीका इतकी झाली की पुढे काही वर्षे अंदाज वर्तमानपत्रांना न देता केवळ अधिकाऱ्यांना गुप्तपणे कळविला जाई.

अशा वेळी, १९०४ च्या आरंभी, गिल्बर्ट वॉकर सिमल्यास येऊन वेधशाळांचे महासंचालक झाले. ते केंब्रिजचे सीनियर रँग्लर होते, म्हणजे गणिताच्या परीक्षेत त्या वर्षी सर्वांत वरचे. बुमरँग का परत येते यावर त्यांनी अभ्यास केला होता आणि त्यामुळे त्यांना बुमरँग वॉकर असे टोपणनावही पडले होते. बासरीच्या रचनेतही त्यांना रस होता. हवामानशास्त्राचा मात्र त्यांना अनुभव नव्हता. हा उणेपणा त्यांच्या पथ्यावर पडला असे वाटते. पावसाची यंत्रणा सिद्धांतावरून उलगडण्याइतके ज्ञान अद्याप कोणापाशीच नाही, हे त्यांनी लवकर ओळखले. मग त्यांनी प्रश्नच बदलला. पाऊस का पडतो हे विचारण्याऐवजी, पावसाच्या आधी जगात कोठे काय घडलेले असते, हे ते आकड्यांना विचारू लागले.

सिमल्याच्या कचेरीत त्यांनी हिंदी कारकुनांचा मोठा ताफा हिशेबाला बसविला. इंग्रजीत ज्यांना कॉम्प्युटर म्हणत ती तेव्हा यंत्रे नव्हती, माणसे होती. एका ठिकाणचा हवेचा दाब आणि हिंदुस्थानातील पाऊस यांचा तीस-चाळीस वर्षांचा सहसंबंध काढायचा म्हणजे प्रत्येक वर्षाच्या आकड्यातून सरासरी वजा करायची, दोन्ही फरकांचा गुणाकार करायचा, प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा, साऱ्यांच्या बेरजा घ्यायच्या, आणि शेवटी वर्गमूळ काढून भागाकार करायचा. हे झाले एका जोडीचे. अशा शेकडो जोड्या. ठिकाणे तरी किती दूरची: मॉरिशस, झांझिबार, दक्षिण अमेरिकेतील ब्युनॉस आयरिस आणि सँटियागो, जावा, केपटाउन, अलास्काजवळचे डच हार्बर. आज संगणकावर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होणारे हे काम त्या कारकुनांनी टाक-दौतीने वर्षानुवर्षे केले. संशोधनाच्या इतिहासात त्यांची नावे फारशी आढळत नाहीत.

वॉकर यांनी पहिला मोठा हल्ला चढविला तो हंटर यांच्या सूर्यडागांवर. १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनी डागांचा पाऊस, तापमान आणि दाब यांच्याशी असलेला सहसंबंध जगभरच्या ठिकाणांसाठी काढला. गुणांक लहान निघाले. पावसाचा अंदाज करण्यासारखे त्यांत काही नव्हते. चाळीस वर्षे ज्या कल्पनेवर लेख, भाषणे आणि वाद झडले, तिचा निकाल आकड्यांच्या तक्त्याने लावला. मद्रासच्या सरासऱ्यांतला चढउतार आकड्यांपुरता खोटा नव्हता. पण तेवढा चढउतार नुसत्या योगायोगानेही दिसू शकतो.

दरम्यान १९०९ च्या पावसासाठी त्यांनी सहसंबंधावर आधारलेले सूत्र वापरले होते. त्यात चार घटक होते: मे अखेरीस हिमालयावर साचलेला बर्फ, मे महिन्यातील मॉरिशसचा हवेचा दाब, झांझिबारचा पाऊस आणि दक्षिण अमेरिकेतील वसंतकालीन दाब. बर्फ अधिक तर पाऊस कमी, दक्षिण अमेरिकेतील दाब अधिक तर पाऊस चांगला, अशी चिन्हे. कागदावर एका घटकासाठी एक रेषा काढता येते. चार घटकांसाठी ती डोळ्यांना दिसत नाही, पण लघुतम वर्गांचे गणित तेच राहते. अनुभवी डोळ्याच्या जागी आता खरोखरीचा तराजू आला होता. आपल्या अंदाजाला वॉकर पुढे फोरशॅडोइंग म्हणू लागले. भाकीत हा शब्द त्यांना फार ठाम वाटे. आपल्या भाषेत त्यांच्या शब्दाला चाहूल हा नेमका प्रतिशब्द आहे.

आता या कथेतील सर्वांत महत्त्वाच्या कामाकडे येऊ. १९१४ मध्ये वॉकर यांनी एक छोटा निबंध लिहिला. त्याचा विषय असा, की सापडलेला संबंध खरा आहे हे कशावरून मानावे? त्यातील युक्तिवाद समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, पावसाशी काडीमात्र संबंध नसलेल्या वीस गोष्टींच्या तीस वर्षांच्या नोंदी आपल्याकडे आहेत. प्रत्येकीचा पावसाशी सहसंबंध काढला, तर एकही गुणांक नेमका शून्य येणार नाही. काही किंचित अधिक, काही किंचित उणे, असे ते शून्याभोवती विखुरतील. पण त्या वीसांतील सर्वांत मोठा गुणांक कोणता, असे विचारले तर तो सहज ०.४ च्या घरात निघेल. एकच गोष्ट तपासली असती आणि तिचा गुणांक ०.४ आला असता, तर ती लक्षणीय म्हणून कोणीही मान डोलावली असती. वीस तपासून त्यांतली सर्वांत ठळक निवडली, की तोच आकडा निव्वळ योगायोगाचा ठरतो. म्हणून किती ठिकाणे धुंडाळली हे सांगितल्याखेरीज सापडलेल्या गुणांकाला किंमत नाही, आणि जितकी अधिक ठिकाणे धुंडाळली तितकी कसोटी कडक हवी.

हा निबंध ज्याच्या विरुद्ध सर्वांत आधी लागू पडत होता तो स्वतः वॉकरच होता. जगभर शेकडो गुणांक काढणाऱ्या माणसाने आपल्याच कामावर अंकुश ठेवणारे सूत्र लिहावे, यात त्याची योग्यता दिसते. ग्रहांच्या युतीवरून पावसाचे ठोकताळे सांगणारा माणूस जुळलेली वर्षे सांगतो आणि न जुळलेली विसरतो. विज्ञानाच्या नावाखालीही तेच घडू शकते, हे वॉकर यांनी आकड्यांत दाखविले. दूरदूरच्या रोगांचे आणि आहारांचे संबंध रोज वर्तमानपत्रात वाचणाऱ्या आजच्या वाचकालाही त्यांचा प्रश्न विचारता येतो: हा एक सापडला, पण तपासले किती?

शोधता शोधता वॉकर यांच्या हाती न शोधलेलेच काही लागले. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब चढला की आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलटही घडते. झोपाळ्याचे एक टोक वर गेले की दुसरे खाली यावे, तसा हा प्रकार. १९२४ मध्ये त्यांनी याला दक्षिणी आंदोलन असे नाव दिले आणि त्याच वर्षी ते हिंदुस्थान सोडून लंडनला प्राध्यापक म्हणून गेले. अशा दूरस्थ संबंधांवर तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही, कारण त्यामागची यंत्रणा वॉकर सांगू शकत नव्हते. १९६९ मध्ये याकोब बियर्कनेस यांनी हे आंदोलन पेरूच्या किनाऱ्यावर समुद्र तापविणाऱ्या एल निन्योशी जोडून दाखविले आणि विषुववृत्तावरील त्या वायुचक्राला वॉकरचे नाव दिले. वॉकर १९५८ मध्येच निवर्तले होते.

तरीही ज्या कामासाठी ते आले ते, म्हणजे पावसाची आगाऊ चाहूल, त्यांना पुरती साधली नाही. त्याचे एक कारण मोठे मार्मिक आहे. दक्षिणी आंदोलनाचा आपल्या पावसाशी सहसंबंध आहे खरा. पण पावसाआधीच्या महिन्यांशी तो दुबळा आणि पावसानंतरच्या महिन्यांशी बळकट. वॉकर यांच्यामागून आलेले चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ मध्ये लंडनच्या सभेत याचे मर्म सांगितले: हिंदुस्थानचा मोसमी पाऊस जगाच्या हवामानात निमूटपणे परिणाम सोसणारा नाही, परिणाम घडविणारा आहे, आणि त्याच्यावरून पुढचे सांगणे त्याचे स्वतःचे भविष्य सांगण्यापेक्षा सोपे आहे. सहसंबंध गुणांक हा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. कोणाचा बाण कोणाकडे वळलेला आहे, हे तो सांगत नाही. आणि कधी कधी तर बाणच नसतो. इंग्लंडच्या उडनी यूल यांनी १९२६ साली याचे झणझणीत उदाहरण दिले होते. १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने लागणाऱ्या विवाहांचे प्रमाण आणि मृत्यूचे प्रमाण यांचा सहसंबंध ०.९५ भरतो. धर्मविवाहामुळे माणसे मरत नव्हती. दोन्ही प्रमाणे आपापल्या कारणांनी वर्षागणिक घटत होती इतकेच. काळाबरोबर चढणाऱ्या वा उतरणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टी आलेखावर एकमेकींच्या सख्ख्या बहिणी दिसतात.

उलटपक्षी, ठिपके आडवे पसरले, रेषेला कल आढळला नाही, तर तोही निष्कर्षच असतो आणि कधी तो लाखमोलाचा ठरतो. कोलकात्याच्या अलीपूर वेधशाळेत १९२२ ते १९२६ या काळात हवामानाचे काम करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याकडे ओडिशातील १९२६ च्या महापुराचा प्रश्न आला. ब्राह्मणी नदीचे पात्र फूटभर वर आले असून बांध तितकेच उंच करावेत, असे अभियंत्यांच्या समितीचे मत होते. महालनोबिस यांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या. पात्र वर आल्याचा मागमूस त्यांत नव्हता. बांध उंच करून पूर टळणार नाही, वरच्या अंगाला धरणे बांधून पाणी अडवावे लागेल, असे त्यांनी सांगितले. साठ वर्षांच्या नोंदी कोणीतरी नेटाने ठेवल्या होत्या, म्हणून हे सांगता आले.

वेधशाळांचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात, आणि शेजारच्या चौकालाही तेच नाव पडले आहे. बसमधून तेथे उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या नावात वॉकरचे सिमला दडले आहे हे ठाऊक असेल. त्याच पुण्याचे वसंत गोवारीकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८८ पासून सोळा घटकांचे नवे प्रतिमान वापरात आले. बर्फ, समुद्राचे तापमान, उंचावरील वारे, दाब, एल निन्यो, असे सोळा. पुढे एक तप आणि त्याहून थोडा अधिक काळ ते यशस्वी मानले गेले. १९९७ मध्ये शतकातील अत्यंत बलवान एल निन्यो असूनही देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १९८९ ते २००१ या सलग तेरा वर्षांत देशाचा एकूण पाऊस सर्वसाधारण मर्यादेतच राहिला होता. कोणतेही गणित न करता दर वर्षी पाऊस सर्वसाधारण होईल असे सांगणारा माणूसही त्या तेरा वर्षांत खरा ठरला असता.

परीक्षा २००२ मध्ये झाली. अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता. जुलैत पाऊस जवळजवळ निम्म्यावर आला आणि हंगामाअखेर देशाची तूट १९ टक्के भरली. सोळांपैकी किती घटकांचे पावसाशी नाते दरम्यान सैल झाले होते, याची चौकशी सुरू झाली. काही घटक वगळले गेले, काही नवे आले आणि २००३ पासून प्रतिमान बदलले. वॉकर यांच्या घटकांचेही असेच झाले होते. ज्या वर्षांच्या ठिपक्यांवरून रेषा काढावी त्या वर्षांना ती उत्तम बसते; पुढची वर्षे त्या रेषेला बांधलेली नसतात. हिमालयाचा बर्फ आणि पाऊस, ब्लॅनफर्ड यांच्यापासून चालत आलेले हे नातेदेखील काही दशके घट्ट, काही दशके ढिले, असे राहिले आहे. हवा, समुद्र आणि बर्फ यांच्या चाली स्वतःच बदलत असतील, तर कालच्या ठिपक्यांनी उद्याची हमी घ्यावी कशी?

शिक्षक-पालकांना घरी करून पाहता येण्याजोगी एक गोष्ट येथे सांगून ठेवतो. फ्रँक अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच तयार केले. चारही संचांच्या सरासऱ्या सारख्या, सहसंबंध सारखाच, ०.८१६, आणि चारही संचांतून जाणारी रेषाही सारखी. आकडे पाहिले तर चौघे जुळे भाऊ. आलेख काढला की पहिल्यात ठिपके रेषेभोवती नीट विखुरलेले दिसतात. दुसऱ्यात ते स्पष्ट कमानीवर आहेत. तिसऱ्यात दहा ठिपके एका रेषेत आणि अकराव्याने सगळ्यांना ओढून नेलेले. चौथ्यात दहा ठिपके एकाखाली एक आणि एकटाच दूर उभा असलेला ठिपका सारा संबंध निर्माण करतो. मुलांना गुणांकाचे सूत्र पाठ असते, पण गुणांक काढण्याआधी ठिपके मांडून पाहा असे त्यांना आवर्जून सांगावे लागते. हर्शेल यांच्यापाशी सूत्र नव्हते, ठिपके होते. आपल्याकडे सूत्र आल्यापासून ठिपके पाहण्याचा कंटाळा वाढला आहे.

आता पुण्याच्या अंदाजात सहसंबंधाच्या जोडीला हवा आणि समुद्र यांची भौतिक समीकरणे महासंगणकावर सोडविणारी प्रतिमानेही असतात. दर वर्षी एप्रिलच्या मध्यास पहिला अंदाज निघतो आणि मे अखेरीस तो सुधारून पुन्हा दिला जातो. बातमीच्या मथळ्यात टक्केवारीचा एकच आकडा झळकतो. मूळ पत्रकात मात्र त्या आकड्याशेजारी चुकीची मर्यादा छापलेली असते, आणि खाली एक छोटा तक्ता असतो: पाऊस तुटीचा, सरासरीहून कमी, सर्वसाधारण, सरासरीहून अधिक आणि अतिरिक्त, यांपैकी प्रत्येकाची शक्यता किती टक्के, ते त्यात लिहिलेले असते.